मायची कवळी आणि सात फेऱ्या

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. आमच्या मायच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरली. १९७२ च्या दुष्काळात सतरा वर्षांची माय खडी फोडायला जात होती. त्या वेळी कामावर मिळणारी सुकडी आणि घरची शिळी भाकर, एवढेच चावायला होते. पण दात मात्र दगडासारखे होते. आज मुलगा नोकरीला आहे, घरात ज्वारी-गहू आहे, शेंगदाणे आहेत, आणि मायच्या तोंडाचे बोळके झालेले.

हे एका रात्रीत झाले नाही. खेड्यात दातावर इलाज एकच, दुखला की उपटा. हिरड्यांतून रक्त येते, दात हलतो, याला कोणी आजार समजत नाही. त्यात तंबाखूची मिश्री. पहाटे चुलीपाशी बसून मिश्री लावायची सवय आमच्या आया-बहिणींना कशी लागली हे मी लहानपणापासून पाहिले आहे. भूक मरते म्हणून लावायच्या. एकेक करीत दात गेले आणि शेवटी खालचे तीन तेवढे राहिले, तेही हलणारे.

आम्ही विष्णुपुरीला दोन खोल्यांत राहतो. माय गावाहून कायमची आमच्याकडे आली तेव्हा तिचे जेवण माझ्या लक्षात आले. सगळ्यांचे झाल्यावर ती एकटी बसायची. भाकर वरणात कुस्करून, भिजवून, गिळायची. भाजी बाजूला. कोणी आले की पदर तोंडावर. मला वाटले वयामुळे खाणे कमी झाले असेल. कळले ते विहारात. साक्षरता वर्गात अक्षर शिकलेली माय दरवर्षी वर्षावासात ग्रंथवाचनाला एक तरी पान वाचायची. अडखळत वाचायची, पण वाचायची. त्या वर्षी तिची पाळी आली तेव्हा ती मागच्या रांगेत जाऊन बसली. घरी आल्यावर विचारले तर म्हणाली, "शब्द निसटतेत रे बाबा. पोरी हसतेत."

मी कवळीचा विषय काढला. "म्या आता किती दिसाची? लाकडं म्हसनात गेली मपली. मपल्यावर पैसा कशाला घालतोस?" हे उत्तर घरोघरी ऐकू येते. चष्म्याला कोणी असे म्हणत नाही, दातांना म्हणतात. दात म्हणजे जणू तरुणपणाचा शौक!

आता माझी चूक सांगतो, कारण ती पुष्कळांच्या हातून होते. मी बीकॉम झालेला, कारकून माणूस. हिशेब चोख ठेवतो. पण इथे स्वस्ताच्या मोहात पडलो. आठवडी बाजारात एक जण दात बसवून देतो असे कळले. एका दिवसात काम, दवाखान्याचा खेटा नाही. मायला नेले. त्याने उरलेल्या तीन दातांना तार गुंडाळली, कसलेसे पीठ आणि वास मारणारे पातळ औषध कालवून तोंडातच लावले, त्यात दात रोवले. अर्ध्या तासात माय दातवाली झाली. आम्ही खुशीत घरी आलो. तिसऱ्या आठवड्यात हिरडी सुजली, पू झाला, तोंडाला घाण वास येऊ लागला. ती चीज काढता येत नव्हती, म्हणून खाली अन्न कुजत होते. १९४८ साली दंतवैद्यक कायदा झाला तेव्हापासून नोंदणीशिवाय हा धंदा करणे गुन्हा आहे, हे मला नंतर कळले. वाचकहो, जी कवळी काढून धुता येत नाही आणि जी एका बैठकीत तोंडातच कालवून बसवली जाते, तिच्या वाटेला जाऊ नका.

मग आम्ही सरळ रस्ता धरला. विष्णुपुरी परिसरात नांदेड रुरल डेंटल कॉलेज आहे. लातूरला एमआयडीएसआर हे दंत महाविद्यालय आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी शिकणारी मुले-मुली प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कवळ्या तयार करतात. अभ्यासक्रमाचा तो भागच असल्यामुळे त्यांनाही रुग्ण हवे असतात, आणि खाजगी दवाखान्याच्या मानाने खर्च कमी येतो. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. एक पायरी झाली की सर येऊन तपासतात, चुकले तर पुन्हा करायला लावतात. मला सुरुवातीला याचा राग आला. बाजारातली कवळी आठवली तेव्हा राग गेला.

आमच्या सात फेऱ्या झाल्या. पहिलीत तपासणी. साखर, रक्तदाब, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळे विचारले. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती लपवू नये आणि आपल्या मनाने बंदही करू नये, डॉक्टरांना सांगावे. दुसऱ्या फेरीत ते तीन दात निघाले. मग जवळजवळ दोन महिने थांबणे. जखम भरून हिरडी बसल्याशिवाय माप घेतले तर कवळी लवकरच सैल होते.

तिसऱ्या वेळी गरम पाण्यात मऊ केलेल्या तपकिरी लगद्याचे पहिले माप. त्यावरून प्लास्टरचा साचा, त्या साच्यावरून खास मायच्या तोंडासाठी पाळे. चौथ्या वेळी त्या पाळ्यात पातळ औषध घेऊन बारीक माप. त्याला लवंगेचा वास होता. माय म्हणाली, "मसाल्याच्या भातासारखं लागतंय." ती शिकाऊ डॉक्टर मुलगी खुदकन हसली, आणि त्या दिवसापासून दोघींचे जमले.

पाचवी फेरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. दात गेले की नाक आणि हनुवटी जवळ येतात, गाल आत जातात. जबडा किती उघडा ठेवायचा, वरचा-खालचा जबडा कुठे मिळतो, हे मेणाच्या कडा तोंडात ठेवून ठरवतात. डॉक्टरांनी नाकावर एक आणि हनुवटीवर एक ठिपका दिला. गप्पा मारायच्या, आवंढा गिळायला सांगायचे, आणि अंतर मोजायचे. स्वस्थ बसल्यावर वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ती राहिली नाही तर जबडा दुखतो, बोलताना दात खट् खट् वाजतात. फार राहिली तर चेहरा पुन्हा बोळक्यासारखाच.

मग दात निवडणे. निसर्गाचे दात ३२, पण पूर्ण कवळीत साधारण २८ बसवतात. अक्कलदाढांना जागा नसते. रंगाच्या पट्टीवर एकाहून एक पांढरे नमुने होते. आमच्या सौ.ने सर्वांत पांढरा दाखवला. माय म्हणाली, "तसले नगं. लोक म्हणतीन म्हातारी सिनेमात चालली." डॉक्टरांचेही मत तेच होते. वय आणि वर्ण पाहून किंचित पिवळसर दात खरे वाटतात. जुना फोटो असेल तर आणा, म्हणजे दातांचा आकार कळेल, असे त्यांनी सांगितले. घरी आल्यावर पेटी उलटीपालटी केली. लग्नाचा फोटो नाही. नागपूरला दीक्षाभूमीवर काढलेला एक, आणि मतदार ओळखपत्र. दोन्हींत ओठ घट्ट मिटलेले. मायचा दात दिसणारा एकही फोटो आमच्या घरात नाही. शेवटी तिने स्वतःच सांगितले, पुढचे दोन जरा मोठे होते, त्यांच्यात फट होती. डॉक्टर म्हणाल्या, फट ठेवू का? "ठेव बाई, थोडी."

सहाव्या फेरीला मेणात रोवलेले दात तोंडात घालून पाहतात. बदल करायचा तो याच वेळी. एकदा कवळी पक्की झाली की दात हलवता येत नाहीत. म्हणून आरसा मागून घ्यावा, बोलून पाहावे, घरचे माणूस सोबत न्यावे. मी मायला मोठ्याने पंचशील म्हणायला लावले. 'स' आणि 'श' स्वच्छ येतात का ते पाहायचे होते. रांगेतल्या दोन बायांनीही तिच्यासोबत म्हटले.

बाकावर बसून मी दातांविषयी बरेच वाचले. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये पदावर आले तेव्हा त्यांच्या तोंडात एकच दात होता. त्यांची कवळी लाकडी होती ही शुद्ध दंतकथा. ती पाणघोड्याचे हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दात यांची होती. त्यांच्या हिशेबवहीत १७८४ सालची एक नोंद आहे: निग्रोंकडून ९ दात, ६ पौंड २ शिलिंग. ते दात त्यांच्याच कवळीत गेले की नाही हे नोंद सांगत नाही. पण मी हिशेब लिहिणारा माणूस; ती ओळ वाचून माझे बोट थांबले. किराणा लिहावा तसे गुलामांचे दात लिहिले आहेत. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून विकले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कडक रबराच्या कवळ्या आल्या आणि १९३० नंतरच्या दशकाअखेर आजचे अ‍ॅक्रिलिक आले, तेव्हा कुठे गरिबाला कवळी परवडू लागली.

सातव्या फेरीला कवळी हातात आली. पहिल्या दिवशी माय रडवेली. तोंडात डबा कोंबल्यासारखे वाटते, लाळ सुटते. हे सर्वांनाच होते, आणि येथेच अनेक जण कवळी काढून ट्रंकेत टाकतात. वरची कवळी दोन ओल्या काचा चिकटाव्यात तशी टाळूला धरून राहते. खालचीला टाळू नाही, मध्ये जीभ. ती हलतेच, सवयीने जीभच तिला धरायला शिकते. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच असतो. म्हणून आधी खिचडी, कण्या, मग मऊ पोळी. छोटा घास, दोन्ही बाजूंनी चावायचा. भाकरीला मायला दीड महिना लागला.

हिरडीला दोन ठिकाणी टोचले. शेजाऱ्याने कानस आणून दिली, "घासून टाका" म्हणून! तसे करू नये. डॉक्टरांकडे जावे, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी दुखले तरी थोडा वेळ कवळी घालावी, म्हणजे नेमके कुठे टोचते ते दिसते. आमच्या अशा दोन फेऱ्या वेगळ्या झाल्या. मिश्री-तंबाखूवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे: तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर कवळीला दोष न देता ती लगेच दाखवावी.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. उकळते पाणी नको, ती वाकते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे, निसटली तर फुटत नाही. जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, त्यामुळे पाच-सात वर्षांनी कवळी सैल होते. तेव्हा आतून अस्तर करावे लागते किंवा नवी. ज्यांचे एक-दोनच दात गेले आहेत त्यांना तारेची काढती-घालती अर्धी कवळी किंवा शेजारच्या दातांवर बसणारा पूल हे मार्ग आहेत. हाडात स्क्रू बसवून पक्के दात करण्याचा मार्गही आहे, तो आपल्या खिशाला जड.

खिशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यायच्या वस्तूंत काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांच्या जोडीला कवळीही आहे. आमच्या देगलूरच्या पलीकडच्या कर्नाटकाने २०१४ मध्ये गरीब वृद्धांसाठी 'दंत भाग्य' योजना काढून दंत महाविद्यालयांमार्फत मोफत कवळ्या द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, ६५ वर्षांवरील गरजूंना एकदा ३००० रुपये. तिच्या यादीत चष्मा आहे, कमोड खुर्ची आहे, कमरेचा पट्टा आहे. दात 'इत्यादी'मध्ये शोधावे लागतात. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत शिबिर लागले की पहिला प्रश्न हाच विचारावा: कवळीचे माप घेणार का? आणि घेणार असतील तर एका दिवसात उरकणार, की पुन्हा बोलावणार?

मायने यंदाच्या वर्षावासात दीड पान वाचले. एके ठिकाणी खालची कवळी सटकली, तिने जिभेने दाबली आणि पुढे वाचले. वाचन संपल्यावर तिच्याभोवती चार-पाच जणी जमल्या, पदर तोंडाला लावलेल्या. माय त्यांना समजावून सांगत होती, "सकाळी लौकर जा, केसपेपरची रांग लई लागती. आन् मेणाचे दात घालून बघतेत ना, तवाच बोल काय बोलायचं ते. मागून बोलून उपेग न्हाई."