विश्लेषण : लठ्ठपणात चरबीचे गोदाम नेमके कुठे अडते?

लठ्ठ व्यक्तीच्या शरीरातील चरबी सतत रक्तात मेदाम्ले सोडत राहते आणि त्यातूनच मधुमेह जडतो, अशी समजूत बरीच वर्षे होती. संशोधनातून मात्र वेगळी बाजू समोर आली आहे. चरबी साठवणाऱ्या ऊतीच सुस्तावतात आणि जादा चरबी भलत्याच अवयवांत जाऊन बसते.

मेदऊतींचे काम काय?

जेवणातील तेल-तूप पचल्यावर ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात येते. एका ट्रायग्लिसराइडमध्ये तीन मेदाम्ले आणि एक ग्लिसरॉल असते. हा रेणू अख्खा पेशीत शिरू शकत नाही. मेदऊतींच्या केशवाहिन्यांमध्ये लायपोप्रोटीन लायपेझ नावाचे विकर असते, ते त्याचे तुकडे करते. सुटी झालेली मेदाम्ले मेदपेशीत जातात आणि तिथे पुन्हा ट्रायग्लिसराइड बनून साठतात. उपाशीपोटी उलटा प्रवास सुरू होतो. साठा फोडला जातो आणि मेदाम्ले अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून हृदय, स्नायू आणि यकृताकडे जातात. या आवक-जावकीवर इन्सुलिनचे नियंत्रण असते. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की साठवण वाढते आणि सोडणे मंदावते.

लठ्ठपणात काय बदलते?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सडपातळ आणि पोट सुटलेल्या पुरुषांची तुलना केली. मेदाम्लांना स्थिर समस्थानिकांची खूण लावून त्यांचा माग काढण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, लठ्ठ पुरुषांची चरबी वजनाच्या प्रमाणात कमी मेदाम्ले सोडत असल्याचे आढळले. चरबी एकूण जास्त असूनही त्यांच्या रक्तातील मेदाम्लांची पातळी त्यामुळे साधारणच राहिली. मात्र, जावक घटली तशी आवकही घटली होती. सडपातळ पुरुषांमध्ये दिवसभरात एकामागून एक जेवणे झाली तशी चरबीची साठवण वाढत गेली. लठ्ठ पुरुषांमध्ये हा प्रतिसाद क्षीण होता. गोदाम मोठे झाले होते, पण माल उतरवून घेण्याचा वेग मंदावला होता.

त्याने बिघडते काय?

जागा न मिळालेली चरबी यकृत आणि स्नायूंमध्ये साचते. तिथे ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. फॅटी लिव्हर आणि टाइप २ मधुमेहाची वाट इथून सुरू होते. मोठेपणी मेदपेशींची संख्या साधारण स्थिर राहते आणि दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी बदलल्या जातात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले होते. म्हणजे वजन वाढते तेव्हा मुख्यतः आहे त्याच पेशी फुगतात.

म्हणजे चरबी हवीच?

हो, योग्य जागी हवीच. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात मेदऊती फारच कमी असतात. हे रुग्ण बारीक दिसतात, तरीही त्यांना तीव्र मधुमेह आणि फॅटी लिव्हर होते. याउलट, पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने त्वचेखालची चरबी थोडी वाढते, तरीही इन्सुलिनचे काम सुधारते.

भारतीयांसाठी महत्त्वाचे का?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'द लॅन्सेट'ने छापले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. दक्षिण आशियाई लोकांत त्वचेखाली चरबी साठवण्याची क्षमता लवकर संपते आणि ती पोटात, यकृतात उतरते, अशी एक मांडणी आहे. त्यामुळे वजनकाटा ठीक दिसला तरी निर्धास्त राहता येत नाही.

मग मोजायचे काय?

कंबर. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि महिलांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. ती ओलांडली असेल तर रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वजन ५ ते १० टक्के घटले तरी यकृतातील चरबी लक्षणीय कमी होते. व्यायामाने स्नायू मेदाम्ले जाळतात आणि गोदामावरचा ताण हलका होतो.