ग्रामीण सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प : उभारणी आणि देखभाल

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी (धडगाव) तालुक्यात सातपुड्याच्या डोंगरांत बिलगाव हे आदिवासी गाव आहे. तेथून वाहणाऱ्या उदई नदीवर नैसर्गिक धबधबा होता. मात्र गावातील पाड्यांपर्यंत विजेची तार पोहोचलेली नव्हती. २००३ मध्ये केरळमधील 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' या संस्थेचे अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते आणि ग्रामस्थ यांनी श्रमदानाच्या बळावर तेथे १५ किलोवॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प उभारला. २००४ मधील 'स्वदेस' या चित्रपटामागे याच प्रकल्पाची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. पुढे सरदार सरोवराच्या भिंतीची उंची वाढली आणि २००६ च्या पावसाळ्यात फुगवट्याच्या पाण्याने हा प्रकल्प नष्ट झाला.

गाव स्वतःच्या श्रमातून वीज निर्माण करू शकते, हे बिलगावने सिद्ध केले. अशा प्रकल्पाचे आयुष्य केवळ यंत्रावर अवलंबून नसते, हेही त्या अनुभवातून दिसते. जागेचे भवितव्य, उन्हाळ्यातील पाणी, जलमार्गाची स्वच्छता आणि गावाची व्यवस्था या चार बाबी त्याहून निर्णायक ठरतात.

पडती उंची आणि प्रवाह

१०० किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पास सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प म्हणतात. मिळणारी वीज पाण्याची पडती उंची आणि प्रवाह यांवर ठरते. लहान प्रकल्पात नळीतील घर्षण, टर्बाइन आणि जनित्र यांतील घट धरून सुमारे निम्मी ऊर्जा हाती लागते. त्यामुळे सोपा आडाखा असा : प्रवाह (लिटर प्रति सेकंद) गुणिले उंची (मीटर) भागिले २०० म्हणजे किलोवॉट. ओढ्यात सेकंदाला ५० लिटर पाणी आणि २० मीटर उंची असल्यास ५ किलोवॉट वीज मिळते.

लखनौजवळील सरोजिनी नगरसारख्या गंगेच्या सपाट मैदानात पाणी मुबलक असले, तरी उंची मिळत नाही. तेथे कालव्यावरील धबधबा हीच शक्यता उरते. शारदा कालव्यावर खटिमा येथील ४१.४ मेगावॉटचे वीजगृह याच तत्त्वावर चालते. सह्याद्री आणि सातपुड्यात स्थिती उलट आहे : उंची विपुल आहे, पण पावसाळा सरताच प्रवाह झपाट्याने घटतो. वरील उदाहरणातील ओढा एप्रिलमध्ये सेकंदाला १० लिटरवर आला, तर वीज १ किलोवॉटच उरेल. म्हणून पावसाळ्यातील पाणी पाहून यंत्र निवडू नये.

मोजमाप आधी, बांधकाम नंतर

किमान एक वर्षभर, विशेषतः डिसेंबर ते मे या काळात, दर पंधरवड्याला प्रवाह मोजून नोंद ठेवावी. अगदी लहान झऱ्यासाठी बादली आणि घड्याळ पुरते. ओढ्यासाठी फळीत ९० अंशांची 'व्ही' आकाराची खाच कापून ती प्रवाहात आडवी व घट्ट बसवावी. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर असल्यास प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ सेंटिमीटरला १२ लिटर आणि २० सेंटिमीटरला २५ लिटर असतो. ही उंची खाचेच्या थोडी मागे, पाणी संथ असेल तेथे मोजावी. पडती उंची मोजण्यासाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी अचूक असते; मात्र मोजणी दोनदा करावी. सर्व पाणी वळवू नये. खालच्या वस्तीचे, जनावरांचे आणि ओढ्यातील जीवांचे पाणी आधी वजा करावे.

प्रकल्पाचे घटक

लहान बंधाऱ्यातून पाणी चरात घेतले जाते. चरातील पाणी प्रथम गाळटाकीत संथ होते व वाळू तळाशी बसते. पुढे ते भरणटाकीत येते आणि तेथून दाबनळीतून टर्बाइनवर पडते. भरणटाकीच्या तोंडाशी तिरपी लोखंडी जाळी आणि जादा पाणी सुरक्षितपणे काढून देणारा सांडवा हवाच. दाबनळीचे तोंड नेहमी पाण्याखाली राहिले पाहिजे, अन्यथा नळीत हवा शिरून वीज कमीजास्त होते. नळी अरुंद घेतल्यास खर्च वाचतो, पण घर्षणात उंची वाया जाते. ही घट एकूण उंचीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी.

मोठी उंची व कमी पाणी असल्यास पेल्टन, मध्यम उंचीस क्रॉसफ्लो आणि कमी उंचीस प्रोपेलर टर्बाइन योग्य ठरते. काही ठिकाणी साधा सेंट्रिफ्युगल पंप उलटा चालवूनही वीज घेता येते. तो स्वस्त असतो व त्याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात; परंतु प्रवाह बदलता असल्यास त्याची कार्यक्षमता घसरते.

भार सांभाळणे

गावातील दिवे एकाच वेळी बंद झाले, तर भार नाहीसा होऊन जनित्र वेग धरते आणि व्होल्टेज वाढून उरलेले दिवे जळतात. यासाठी इलेक्ट्रॉनिक भार-नियंत्रक बसवतात. तो शिल्लक वीज पाण्यात बुडवलेल्या हीटरकडे वळवून जनित्रावरील भार स्थिर ठेवतो.

मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. ५ किलोवॉटच्या जनित्रावर ३ अश्वशक्तीची पिठाची चक्की थेट सुरू केल्यास साऱ्या गावाचे दिवे मंदावतात. चक्की किंवा भातगिरणी वीजगृहातच ठेवून टर्बाइनच्या दांड्यावरून पट्ट्याने चालवणे अधिक सोयीचे. हिमालयातील घराट याच पद्धतीने पाण्यावर थेट दळण दळतात. दिवसा दळण आणि संध्याकाळी दिवे अशी वाटणी केल्यास लहान यंत्रही पुरते.

देखभालीचे वेळापत्रक

- *दररोज* : जाळीवरील पाने व काटक्या काढणे, व्होल्टेज आणि बेअरिंगची उष्णता तपासून वहीत नोंद करणे.
- *आठवड्याला* : गाळटाकी धुऊन काढणे, चर फिरून गळती व खेकड्यांची बिळे बुजवणे, पट्ट्याचा ताण पाहणे.
- *महिन्याला* : उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ग्रीस भरणे, दाबनळीचे जोड व आधारखांब पाहणे, तारांवरील फांद्या छाटणे.
- *मे महिन्यात* : पाणी कमी असताना टर्बाइन उघडून पात्यांची झीज पाहणे, बंधाऱ्याची डागडुजी, भूसंपर्क आणि वीजरोधकाची तपासणी.

पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यात यंत्र बंद ठेवावे; वाळूने पाती अल्पावधीत झिजतात. दाबनळीची झडप नेहमी सावकाश बंद करावी. ती झटक्याने बंद केल्यास पाण्याचा धक्का बसून नळी फुटू शकते.

गावाची व्यवस्था

यंत्र चालवणाऱ्या दोन व्यक्ती प्रशिक्षित असाव्यात. एकच असल्यास ती स्थलांतरित होताच प्रकल्प थांबतो. त्यांचे मानधन आणि बेअरिंग, पट्टे, नियंत्रकाचे भाग यांचा राखीव निधी मासिक वर्गणीतून जमावा. प्रत्येक घरास ठरावीक मर्यादेचा स्विच बसवल्यास जादा वापरावरून तंटे होत नाहीत. हिशेब ग्रामसभेत वाचला जावा.

आरंभापूर्वीची चौकशी

नियोजित धरणाचे बुडीत क्षेत्र, वरच्या अंगाला होऊ घातलेल्या उपसा योजना आणि महावितरणची वाहिनी गावात केव्हा येणार, याची माहिती आधी घ्यावी. वाहिनी येणार असल्यास प्रकल्प दळणासाठी उपयोगी राहील अशी आखणी करावी. जागा वनजमिनीत असल्यास वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये अपारंपरिक ऊर्जेच्या सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. विस्तार कार्यकर्त्यांनी गावास यंत्राचे दरपत्रक देण्याआधी उन्हाळ्यातील प्रवाहाची नोंदवही आणि ही चौकशी मागावी.