शाळेच्या समितीत कोण बसते?

शाळेचा कारभार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न आपण कारकुनी समजून सोडून देतो. बाबासाहेबांनी तो सोडला नव्हता. 1923 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण स्थानिक स्कूल बोर्डांकडे जाऊ लागले. वरवर पाहता हे लोकशाहीचे पाऊल. पण 1928 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हे हस्तांतर थांबवण्याची मागणी केली. बोर्डावर जाणारे 'लोक' म्हणजे कोण, हे अस्पृश्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. आमच्या मुलाला वर्गाबाहेर बसवणाऱ्यांचेच ते भाऊबंद.

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. इकडे 1948 च्या कायद्याने जनपद सभा आल्या, 1962 पासून जिल्हा परिषद आणि तिची शिक्षण समिती. 1982 मध्ये गडचिरोली वेगळा झाला. पाट्या बदलत गेल्या.

खरा बदल 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने कागदावर आणला. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान. बोर्डावर बसलेला 'लोक' प्रथमच आमच्यातला होऊ शकतो. मात्र या समितीने काय करायचे? शाळेवर देखरेख, विकास आराखड्याची शिफारस, अनुदानाच्या खर्चावर लक्ष. शिक्षक नेमणे वा बदलणे तिच्या हाती नाही. जुलैत धानाची रोवणी ऐन भरात असताना सभा लावली, तर मजुरी बुडवून कोण येईल? समितीचे सचिव मुख्याध्यापक, इतिवृत्त मराठीत. एटापल्ली-भामरागडच्या माडिया आईने त्यावर अंगठा उमटवला की सभा झाली!

तरीही ही समिती टाकून देण्याजोगी नाही. मार्च 2022 मध्ये चंद्रपूर व गडचिरोली जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुकीऐवजी प्रशासक आले. सभासद गेले, त्यांच्याबरोबर शिक्षण समितीही गेली. राखीव जागेवरचा आपला माणूसही गेला. शिक्षक न येणाऱ्या शाळेच्या पालकाने निवडून दिलेल्या कोणाचे दार ठोठवायचे? उरली ती गावातली समिती, आणि तिचा ठराव वर कोणावरही बंधनकारक नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. समितीने शिक्षकाच्या हजेरीचा दाखला दिल्याशिवाय पगारपत्रक पुढे जाऊ नये. सभेचा दिवस पालकांनी ठरवावा. इतिवृत्त सही-अंगठ्यापूर्वी गोंडी-माडियात वाचून दाखवावे.