बाळापूरची लढाई

अकोल्याहून खामगावच्या रस्त्याला लागलं की बाळापूर येतं. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला सगळे पाहतात. पण ऑगस्ट १७२० मध्ये या परिसरात झालेली लढाई फारशी कुणाच्या लक्षात नाही. मला ती महत्त्वाची वाटते, कारण तिची किंमत वऱ्हाडच्या शेतकऱ्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या मोजली.

लढणारे दोघेही एकाच मोगल बादशहाचे सरदार. दिल्लीत सत्ता सय्यद बंधूंच्या हाती होती. प्राचीन चीनमध्ये त्साओ त्साओ या सेनानीने सम्राटाला मुठीत ठेवून त्याच्याच नावाने प्रतिस्पर्ध्यांशी युद्धं केली, तसलाच हा प्रकार. सय्यदांशी बिनसल्यावर माळव्याचा सुभेदार निजाम-उल-मुल्क नर्मदा उतरून दक्षिणेत आला. त्याने असीरगड आणि बऱ्हाणपूर घेतलं. पाठीवर आलेल्या दिलावर अली खानाला त्याने जूनमध्ये संपवलं. आता समोर होता सय्यदांचा तरुण पुतण्या आलम अली खान. मराठ्यांची फौज त्याच्या बाजूला होती, कारण १७१९ च्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा सय्यदांमुळेच मिळाल्या होत्या.

ऐन पावसाळा, पूर्णेला पूर. निजामाने उतार शोधून सैन्य पार नेलं. चिखलात रुतलेल्या छावणीवर मराठ्यांचे छापे पडू लागले, धान्य महागलं. तरीही निजामाने घाई केली नाही. लढाईच्या दिवशी त्याने तोफा आडोशाला दडवल्या. आलम अली आवेशाने पुढे आला आणि माऱ्यात सापडला. भाता रिकामा झाल्यावर अंगात रुतलेले बाण उपसून त्याने तेच शत्रूवर सोडले, असं इतिहासकार खाफीखान सांगतो. अखेर तो हत्तीवरच पडला.

पुढे १७२४ मध्ये निजामाला हटवायला निघालेला मुबारिझ खान आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला मारला गेला. निजामाची हैदराबादेतली सत्ता अशी वऱ्हाडच्या मातीत पक्की झाली. पण मराठे हटले नाहीत. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघांचेही अंमलदार याच मुलखातून वसुली करू लागले. लोकांनी त्याला ‘दुअमली’ म्हटलं. पीक एक, मागणारे दोन!

१८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड इंग्रजांनी जिंकले, तेव्हा भोसल्यांचा वाटा गेला. बाळापूरच्या लढाईला तोवर ८३ वर्षं झाली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)