फ्लो बेंच

फ्लो बेंच हे इंजिनाच्या सिलिंडर हेडमधून ठरावीक दाबफरकाला किती हवा वाहते, ते मोजण्याचे साधन आहे. मराठीत त्यास 'वातप्रवाहमापक' म्हणता येईल. तथापि गॅरेजांत फ्लो बेंच हाच शब्द रूढ आहे. हेडमधील वायुमार्ग मोजून सुधारण्याच्या कामात इंग्लंडचे हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडमध्ये त्यांचा वाटा होता. व्यावसायिक यंत्र महाग असल्यामुळे अनेक हौशी लोक ते घरीच बनवतात.

तत्त्व

इंजिन जितकी हवा आत घेऊ शकते, तितकेच इंधन त्यात जाळता येते. हेडमधून वाहणाऱ्या हवेचे प्रमाण दाबफरकाच्या वर्गमुळानुसार बदलते. मोजणीसाठी २८ इंच उंचीच्या जलस्तंभाइतका, म्हणजे सुमारे ७ किलोपास्कल, दाबफरक प्रचलित आहे. घरगुती यंत्राला तो बहुधा पेलत नाही. १० इंचांवर घेतलेले माप २८ इंचांवर नेण्यासाठी त्यास सुमारे १.६७ ने गुणावे लागते. दाबफरक न सांगता दिलेला प्रवाहाचा आकडा निरर्थक समजावा.

घरगुती रचना

प्लायवूडची हवाबंद पेटी, व्हॅक्यूम क्लीनरच्या एक-दोन मोटारी, तीक्ष्ण कडेचे गोल छिद्र असलेली धातूची चकती आणि रंगीत पाणी भरलेल्या दोन पारदर्शक नळ्या एवढ्यावर काम भागते. हेड इंजिनाच्या सिलिंडरइतक्याच व्यासाच्या नळकांड्यावर बसवतात. मोटारी हवा ओढू लागल्या की पहिली नळी हेडवरील दाबफरक दाखवते, तर दुसरी चकतीवरील. या दुसऱ्या मापावरून प्रवाह काढतात. दुसरी नळी तिरकी ठेवल्यास बारीक फरकही वाचता येतो. मूळ स्प्रिंगांऐवजी हलक्या स्प्रिंगा घालून व्हॉल्व्ह स्क्रूने एकेक मिलिमीटर उघडतात व उघडीप डायल गेजवर पाहतात.

पोर्टच्या तोंडाशी प्लॅस्टिसिनचा गोलसर काठ द्यावा. तो नसेल तर हवा तीक्ष्ण कडेवरच अडखळते आणि दोष विनाकारण हेडच्या माथी येतो. व्हॉल्व्ह बंद असताना दिसणारी गळती नोंदवून प्रत्येक मापातून वजा करावी. यंत्राची पारख करण्यासाठी हेडच्या जागी ३० मिलिमीटर व्यासाच्या तीक्ष्ण छिद्राची चकती बसवतात. २८ इंचांवर तिच्यातून सेकंदाला सुमारे ४६ लिटर हवा जावी.

एवढे करूनही दुसऱ्याच्या यंत्रावरील आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नसतो. त्याच यंत्रावर, त्याच दाबफरकाला, बदलापूर्वी आणि बदलानंतर घेतलेली मापे मात्र विश्वसनीय असतात, आणि हौशी कारागिराला तेवढेच हवे असते.

सुधारणा

व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उघडला की त्याच्या कडेभोवतीची वाट त्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाएवढी होते. ४० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हसाठी ही उघडीप १० मिलिमीटर. त्याहून कमी उघडिपीत सीटचा आकार निर्णायक ठरतो, म्हणून काम तेथूनच सुरू करावे. ३०, ४५ व ६० अंशांचे तीन उतार दिलेली सीट हा रूढ उपाय आहे. त्यानंतर सीटखालची वाटी आणि पोर्टच्या वळणाची आतली, आखूड बाजू येते. येथे वळण तीव्र असल्यास हवा भिंतीपासून सुटते, भोवरे उठतात आणि प्रवाह वाढण्याचे थांबते. हे वळण हलक्या हाताने गोल करावे. खोल करू नये.

पोर्ट आरशासारखा चकचकीत केला की शक्ती वाढते, हा समज चुकीचा आहे. कार्ब्युरेटरच्या इंजिनात इंधनाचे थेंब भिंतीवर साचतात, तेथे किंचित खरखरीत पृष्ठभागच बरा. सरसकट रुंद केलेला पोर्ट यंत्रावर मोठा आकडा दाखवतो, परंतु त्यातील हवेचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर गाडी सुस्त होते. बेंचवरील प्रवाह स्थिर असतो; इंजिनातील हवा मात्र प्रत्येक चक्रात थांबते व पुन्हा धावते.

ग्राइंडरने काढलेला धातू परत बसवता येत नाही. पोर्टच्या भिंतीपलीकडे पाण्याचे जॅकेट असते व तिची जाडी बाहेरून दिसत नाही. भिंत फुटल्यास हेड बहुधा भंगारातच जाते. म्हणून भंगारातलेच हेड आणून आधी त्यावर हात बसवावा, थोडे घासावे आणि पुन्हा मोजावे. चार सिलिंडरच्या हेडमध्ये एकच पोर्ट उत्तम करण्यापेक्षा मागे पडलेला पोर्ट इतरांच्या बरोबरीस आणणे अधिक उपयोगी असते.