विश्लेषण : वयस्कर श्वानाच्या सांधेदुखीवर कोणते पूरक उपयोगी?

छत्रपती संभाजीनगरात थंडी वाढली की वयस्कर श्वान जिना चढायला टाळाटाळ करतात. पालक मग सांध्यांच्या पूरक गोळ्या शोधू लागतात. त्यांपैकी कशावर पैसे खर्च करावेत?

पुरावा काय सांगतो?
ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या सर्वांना परिचित आहेत. मात्र श्वान व मांजरांवरील चाचण्यांच्या २०२२ मधील आढाव्यात त्यांचा वेदना कमी करण्यात उपयोग दिसला नाही. ओमेगा-३ चा दिसला. त्यामुळे माशाच्या तेलाला प्राधान्य द्यावे. वेष्टनावर ईपीए आणि डीएचएचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिलेले आहे का, ते पाहावे. कॉड लिव्हर तेल हा त्याला पर्याय नाही. त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व अतिप्रमाणात जाऊ शकते.

वजन का महत्त्वाचे?
अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉरवर झालेल्या दीर्घ अभ्यासात २५ टक्के कमी आहार मिळालेल्या श्वानांना सांधेदुखी उशिरा जडली आणि ते सरासरी पावणेदोन वर्षे अधिक जगले.

काय टाळावे?
घरातील आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कधीही देऊ नये. त्याने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वेदनाशामक आणि तेलाची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. गुळगुळीत फरशीवर चटई अंथरावी. त्याला फारसा खर्चही येत नाही.