कॅन्सरग्रस्त मुलांसाठी दौड काढताय? आधी हा हिशोब बघा

"लहान मुलांच्या कॅन्सरसाठी गावात दौड काढायची आणि टी-शर्टवर दुकानाचं नाव टाकायचं, कसं राहील?" हा प्रश्न बोरी-जिंतूर भागातून मला बऱ्याचदा येतो. माझं उत्तर असं, की दौड जरूर काढा, पण टी-शर्ट राहू द्या. का, ते टेरी फॉक्सच्या उदाहरणावरून सांगतो.

टेरी कॅनडाचा. १९७७ मध्ये, १८ व्या वर्षी हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. वाचण्याची शक्यता ५० टक्के, असं त्याला सांगितलं गेलं. दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती. हा फरक संशोधनाने पडला. दवाखान्यात त्याने कॅन्सर झालेली लहान मुलंही पाहिली. मग १२ एप्रिल १९८० ला हा पोरगा संशोधनासाठी पैसे जमवायला कृत्रिम पायावर पळत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर! कॅन्सर फुप्फुसात पोचला म्हणून थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये तो गेला. पण त्याआधी, फेब्रुवारीपर्यंत, २ कोटी ४१ लाख डॉलर जमले होते.

यातून आपण काय घ्यायचं?

१. मागणी छोटी आणि स्पष्ट ठेवा
टेरीने माणशी एक डॉलर मागितला. सुरुवातीलाच जेमतेम १० हजार वस्तीच्या एका गावाने त्याला १० हजारांवर डॉलर दिले होते. "यथाशक्ती मदत करा" म्हटलं की माणूस विचारात पडतो. "घरटी ५० रुपये" म्हटलं की हात खिशात जातो.

२. दुकान मध्ये आणू नका
टेरीने कंपन्यांकडून गाडी, इंधन, बूट घेतले, पण कुणाच्या मालाची जाहिरात केली नाही. त्याच्या नावाची दौड आजही कंपन्यांच्या जाहिरातीशिवाय होते. मुंबईतही ती झाली आहे, टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या कॅन्सर संशोधनासाठी.

आता टी-शर्टचा हिशोब करा. समजा १५० जण आले, प्रत्येकी १०० रुपये दिले. जमा १५,०००. टी-शर्ट १८० रुपयांचा धरला तरी खर्च २७,०००. मुलांना काय गेलं? उलट १२,००० अंगावर! पाणी, केळी, अॅम्ब्युलन्स एवढाच खर्च ठेवा आणि तो स्वतःच्या खिशातून करा.

३. पैसा तुमच्या खात्यात नको
२००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारा संस्था निवडतो, ओळखीच्यांना मदत मागतो आणि पैसा संस्थेकडे जातो. तेच करा. दुकानाचा क्यूआर कोड अजिबात लावू नका, संस्थेचाच लावा. पावती संस्थेची, ८०-जी सवलतही तिच्याच पावतीवर. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. आणि स्वतः वर्गणी गोळा करणार असाल, तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी घ्या. पोलीस ठाण्याची वेगळी.

४. संशोधन की उपचार, आधी ठरवा
श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम देशांत ३० टक्क्यांहून कमी. औषध निघालेलं असतं, पण निदान उशिरा होतं किंवा उपचार अर्धवट सुटतो. आपल्याकडचे आई-बाप पोराला घेऊन देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जातात, परळला टाटा गाठतात. तिथे राहण्याचा खर्च, इकडे मजुरी बुडालेली. संशोधन उद्याच्या मुलांसाठी, उपचाराची मदत आजच्या मुलासाठी. दोन्ही हवंच. पण फलकावर जे लिहाल, पैसा तिथेच गेला पाहिजे.

मग धंद्याला काय फायदा? त्या दिवशी काहीच नाही, आणि अपेक्षाही ठेवू नका. दौड झाली की आठ दिवसांत संस्थेची पावती आणि पूर्ण हिशोब गावात लावा, रुपयान् रुपयाचा. गाव लहान असतं. जो माणूस दुसऱ्याच्या पोरासाठी जमवलेल्या पैशाचा हिशोब चोख देतो, त्याच्या तराजूवर लोक शंका घेत नाहीत.